माझ्या अक्षरातलं अभयपत्र

१४ सप्टेंबर १८१४, क्रूसाचा सण

शाळेला कुलूप लागलं त्याला आता वर्ष होईल. मुलांना गिरवायला म्हणून साव्हा नदीपलीकडून आणलेला कागद तसाच पडून होता. त्याची ही वही शिवली.

गेल्या वर्षी तुर्क परत आले आणि आमचं नऊ वर्षांचं राज्य काही आठवड्यांत बुडालं. पुढारी नदी ओलांडून ऑस्ट्रियात गेले. आम्ही मागे राहिलो. आमचे मुखिया, क्नेझ अक्सेन्तिये, शरण गेले, म्हणून आमच्या बारा गावांचा कारभार तुर्कांनी त्यांच्याकडेच ठेवला. क्नेझांना लिहितावाचता येत नाही. मला येतं. शाळामास्तरचा कारकून झाला तो असा.

आज प्रार्थना संपायच्या आत बातमी आली. मोराव्हा नदीच्या पलीकडे, मठाच्या जत्रेत, लोकांनी तुर्क शिपायांची हत्यारं काढून घेतली आणि बंड पुकारलं. दुपारपर्यंत आमच्या गावातून एकवीस जण निघाले. तानास्को लोहार गेला. माझा मेहुणा ओब्रादही गेला.

ओब्राद जाताना भाकरी घ्यायला घरी आला होता. म्हणाला, "भावोजी, येताय?"

मी म्हटलं, गावात कुणीतरी राहायला हवं.

"बरोबर आहे," तो हसत म्हणाला. "तुम्ही गेलात तर पत्रं कोण लिहिणार?"

माझ्या बायकोने, स्टामेनाने, भावाच्या पिशवीत चीज घातलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि ती पाठीवर नीट बसली की नाही ते पाहिलं. रडली नाही. माझ्याशी दिवसभर बोललीही नाही.

२६ ऑक्टोबर, संत दिमित्रीचा दिवस

बंड संपलं. खरं तर ते उभं राहिलं की नाही हाच प्रश्न आहे. क्नेझ तुर्कांच्या बाजूने गावोगाव फिरून लोकांना शांत राहा सांगत होते आणि मी त्यांच्या मागे घोड्यावर, दौत सांभाळत. लोक ऐकून घ्यायचे. वळून पाहिलं की थुंकताना दिसायचे.

आमच्यातले चार जण मेले. उरलेले रुद्निकच्या डोंगरात आहेत. वर बर्फ पडायला लागलंय. ओब्रादचं काही कळलेलं नाही. पायाला गोळी लागली म्हणे, असं कुणीसं सांगितलं. स्टामेनाला हे सांगावं की नाही याचा विचार करत होतो, तर तीच म्हणाली, "डाव्या पायाला." तिला कुणी सांगितलं ते विचारायचं राहून गेलं.

९ नोव्हेंबर

आज अभयपत्र लिहिलं. बारा प्रती.

क्नेझ सकाळी तालुक्याच्या तुर्की अधिकाऱ्याकडून आले. चुलीपाशी बसून, डोळे मिटून एकेक वाक्य सांगत होते. जे डोंगरात आहेत त्यांनी खाली यावं. हत्यार ठेवावं. बेलग्रादला जाऊन वझिरापुढे हजर व्हावं, तिथे त्यांना माफीचा कागद मिळेल, आणि नाताळला ते आपापल्या घरी असतील. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही.

मी विचारलं, "शेवटचं वाक्य असंच लिहू?"

"असंच लिही. तुझं अक्षर सगळे ओळखतात. त्यांच्या पोरांना तूच शिकवलंस."

मला हे ऐकून बरं वाटलं, हे इथे कबूल करतो. वर्षभरात माझ्या अक्षराबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. बारावी प्रत पहिलीपेक्षाही सुबक उतरली.

क्नेझांचा जावई काल साव्हापलीकडे गेला. दोन आठवडे तोही बंडात होता. मी म्हटलं, आता माफी होतेच आहे, मग कशाला गेला? क्नेझ म्हणाले, "डुकरं विकायची आहेत." ऐन हिवाळ्याच्या तोंडावर डुकरं कोण घेणार मला माहीत नाही, पण त्यांचा धंदा तेच जाणोत.

११ नोव्हेंबर

संध्याकाळी स्टामेना म्हणाली, "ते पत्र मला वाचून दाखवा."

मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "हा शब्द कुणाचा?"

"क्नेझांचा. क्नेझांना वझिराने दिलेला."

"माझा भाऊ तुमच्यापुढे उभा आहे असं समजा. त्याला सांगाल, जा म्हणून?"

"सगळ्यांना सांगितलंय, म्हणजे त्यालाही..."

"मी सगळ्यांचं विचारलं नाही."

मी लेखणीला टोक करत होतो. टोक करायला थोडा वेळ लागला. मग सांगितलं की असे प्रश्न विचारून काही साधत नाही, आणि लाकडं आणायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा ती कणीक मळत होती. तिचा चेहरा मोकळा झाल्यासारखा वाटला. माझं म्हणणं पटलं असावं.

१५ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. घरातली भाकरी लवकर संपते. सोमवारी केलेली मोठी भाकरी मंगळवारी नव्हती. बीन्सचं भांडं पुसून ठेवल्यासारखं. सुकवलेले प्लम तर दिसेनासेच झाले. मी विचारलं तर म्हणाली, "मला भूक लागते हल्ली." ती लवकर उठते, ओकारी येते म्हणून ओढ्याकडे जाते, कधी कधी तासाभराने येते. काल माझा जुना कोट मागितला, थंडी वाजते म्हणाली.

लग्नाला सात वर्षं झाली. मी काही बोलणार नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल. पण आज लाकडं फोडताना मी गाणं म्हणत होतो.

१६ नोव्हेंबर

तानास्को खाली आला. त्याच्याबरोबर आमच्या आणि शेजारच्या गावांतले सोळा जण. दाढ्या वाढलेल्या, पायांना चिंध्या बांधलेल्या. क्नेझांच्या अंगणात सगळ्यांनी बंदुका भिंतीला टेकवल्या.

तानास्कोला वाचता येत नाही. त्याने कमरेतून पत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"मास्तर, हे तुझंच ना?"

"माझंच."

"मग झालं तर." त्याने पत्र घडी करून बायकोच्या, कोसानाच्या, हातात दिलं. "ठेव गं. आल्यावर भिंतीला लावू."

मी त्याला थांबवलं असतं का? थांबवायला काही कारण नव्हतं. हे लिहून ठेवतो. त्या वेळी कारण नव्हतं.

ओब्राद आला नाही. तो सापडतच नाही म्हणतात. स्टामेनाला वाईट वाटेल म्हणून तिला जवळ घेतलं, तर ती म्हणाली, "मेला असेल," आणि पीठ चाळत राहिली. बायकांचं दुःख असं आत जिरतं.

६ डिसेंबर, संत निकोलसचा दिवस

सतरा जण बेलग्रादला जाऊन वीस दिवस झाले. निरोप नाही. कोसाना रोज रस्त्याच्या वळणावर उभी असते. मी आता मागच्या वाटेने क्नेझांकडे जातो. ती वाट जवळची आहे.

१९ डिसेंबर

मीठ घेऊन आलेल्या गाडीवानाने सांगितलं. त्याने डोळ्यांनी पाहिलं. बेलग्रादच्या वेशीबाहेर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना. काहींची डोकी वेशीवर लावली. काहींना सुळावर दिलं, आणि ती माणसं सुळावर दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होती. आमची सतराच्या सतरा. एका धिप्पाड माणसाच्या हाताला भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या, असं तो म्हणाला.

तानास्कोचे हात.

२० डिसेंबर

क्नेझांकडे गेलो. दाराशी बोलायचं ठरवून गेलो होतो, पण आत जाऊन बसलो. ते म्हणाले, "वझिराने मला जो शब्द दिला तो मी पुढे दिला. घसा बसलाय माझा, फार बोलवत नाही. बरं झालं आलास. जावयाचं पत्र आलंय, वाच."

मी वाचलं. तो सुखरूप पोचला आहे. घर मिळालं आहे. सासऱ्यांचे उपकार तो विसरणार नाही, कारण त्यांनी वेळेवर सांगितलं.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. क्नेझ म्हणाले, "पुढे वाच."

२३ डिसेंबर

कोसाना घरी आली. आत बसली नाही. उंबऱ्यावर उभी राहून तिने पदराखालून पत्र काढलं.

"मास्तर, हे पुन्हा वाच. त्याला वाचता येत नव्हतं, मलाही येत नाही. आमचं काहीतरी ऐकायचं राहिलं असेल. अमुक केलं तर माफी, नाहीतर नाही, असं काही असेल."

मी वाचलं. सगळं. केसाच्या वाक्यापर्यंत.

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे आमचं काही चुकलं नव्हतं."

"नाही."

ती पत्र घेऊन गेली. मला वाटलं होतं ती ते माझ्या तोंडावर फेकेल. फेकायला हवं होतं.

१२ जानेवारी १८१५

हे आजच लिहायला हवं.

सकाळी तीस शिपाई गावात आले. हिवाळाभर मुक्काम. त्यांचा म्होरक्या इद्रिझ बोस्नियाचा, आमचीच भाषा बोलतो. क्नेझांनी मला विचारलं, यांना कुठे ठेवायचं? मी म्हटलं, शाळा रिकामीच आहे. लोकांच्या घरात शिपाई शिरण्यापेक्षा ते बरं, असा माझा विचार. इद्रिझला पसंत पडलं. जेवून शाळा बघायला येतो म्हणाला.

मी घरी येऊन स्टामेनाला सांगितलं. तिच्या हातातलं मडकं पडलं. ती भिंत धरून खाली बसली. मी म्हटलं, "जपून. या दिवसांत असं धसकायचं नाही."

"कुठल्या दिवसांत?"

"मला कळलंय केव्हाच. दोघांची भूक..."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जन्मात विसरणार नाही. मग हळूच म्हणाली, "शाळेच्या माळ्यावर ओब्राद आहे. ऑक्टोबरपासून आहे. त्याला अजून धड चालता येत नाही."

ती म्हणाली, "आता मला ओरडू नका. काय करायचं ते सांगा."

काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी शाळेकडे चालायला लागलो आणि इद्रिझ समोरून येताना दिसला, मागे सहा शिपाई. पन्नास पावलं राहिली असतील. मी दोन्ही हात वर केले.

"आगा, पुढे येऊ नका. माझी चूक झाली. बायकोने आत्ता सांगितलं. परवा एक भिकारी रात्रीच्या आसऱ्याला शाळेत शिरला, तो आत मेलाय. काखेत गाठी आहेत."

शिपाई थांबले. प्लेगचं नाव घ्यावं लागलं नाही. गेल्या वर्षी नदीकाठची दोन गावं त्यानेच ओस पडली.

इद्रिझ माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, क्नेझ म्हणतात की तू खोटं लिहीत नाहीस."

"लिहीत नाही, आगा."

"मग ते मढं बाहेर काढ आणि पूर. तुझ्या बायकोने पाहिलंय, तिलाही घे. माझा माणूस हात लावणार नाही. तुम्ही निघालात की मी हे घर जाळतो."

मी आत गेलो. वर्षभराने. बाकांवर धूळ, फळ्यावर अजून कुणीतरी काढलेला बोकड. शिडी चढलो. ओब्राद मक्याच्या कडब्यात बसला होता, अंगात माझा कोट, हातात कुऱ्हाड.

"भावोजी, त्यांना तुम्ही आणलंत?"

"हो. आता तू मेलायस. चादरीत नीज आणि हलू नकोस."

त्याने काही विचारलं नाही. शिडी उतरताना त्याच्या पायातून कळ गेली ती त्याने दातांत दाबली. चादर डोक्यावरून ओढताना मला म्हणाला, "खोकला येतोय मला, दोन दिवस."

"आला तर तिघंही गेलो."

स्टामेना आली. दाराचं एक फळकूट काढून त्यावर त्याला ठेवलं. बाहेर आलो तेव्हा इद्रिझने शेल्याने नाक झाकलं होतं. तो ओरडला, "चादर काढून तोंड दाखव."

मी म्हटलं, "दाखवतो. जवळ या, आगा, इथून दिसायचं नाही."

तो आला नाही. उभाच राहिला, गेलाही नाही. फळकूट माझ्या हातातून निसटत होतं. चादरीखाली ओब्रादची छाती हललेली मला दिसली, म्हणजे इद्रिझलाही दिसली असणार असं वाटलं. त्याच क्षणी स्टामेनाने रडगाणं सुरू केलं. आमच्या बायका प्रेतामागे गातात तसं, उंच आवाजात. भिकाऱ्यासाठी कुणी तसं रडत नाही. पण तिने नावं घेतली ती त्या सतरा जणांची. एकेकाचं नाव आणि त्याच्या घराचं नाव. शिपायांतला एक पोक्त माणूस मान खाली घालून बाजूला झाला. इद्रिझने हाताने खूण केली, जा.

कुंपणापलीकडून कोसाना आली. तिने नवऱ्याचं नाव ऐकलं होतं. काही न विचारता तिने फळकुटाचं एक टोक माझ्या हातातून घेतलं.

स्मशानाच्या झाडीत पोचल्यावर आम्ही ओझं खाली ठेवलं. कोसानाने चादरीवर हात ठेवला, मग काढला. "तुमचं मढं घामाने भिजलंय," ती म्हणाली. आणि ओब्राद खोकला.

मागे शाळेचा धूर दिसत होता. अक्षरओळखीची चौदा पुस्तकं आत होती. एक तरी उचलायला हवं होतं, हे स्मशानात आठवलं.

१३ जानेवारी

ओब्राद कोसानाच्या भट्टीमागच्या खोलीत आहे. तिनेच नेला. आम्ही रिकामा खड्डा बुजवून वर क्रूस लावला.

सकाळी मी स्टामेनाला विचारलं, "म्हणजे काहीच नाही?"

"नाही."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्हाला आनंद झाला होता?"

"हो."

"मला कसं कळणार? तुम्ही बोलला नाहीत."

मी म्हटलं, तूही बोलली नाहीस. तीन महिने.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही लेखणीला टोक करत बसलात. तेव्हाच मला कळलं, की भावाला पाठवायचं नाही."

आता ती रात्र पुन्हा पुन्हा आठवतो. मला तेव्हा माहीत होतं का? मी स्वतःला विचारतो आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं. तानास्कोने तिच्यासारखं विचारलं असतं तर त्याच्यापुढेही मी टोकच करत बसलो असतो, आणि कदाचित तो वाचला असता. पण त्याने फक्त अक्षर माझं आहे का एवढंच विचारलं.

३ मार्च

ओब्राद काठी घेऊन चालतो. काल डोंगरात गेला. जाताना म्हणाला, "कोट ठेवून घेतो, भावोजी."

९ एप्रिल

क्नेझांनी तातडीने बोलावलं. हवालदिल दिसत होते. बेलग्रादला नव्या नावांची यादी तयार झालीय आणि तीत क्नेझ मंडळी आहेत, शरण आलेलीसुद्धा. त्यांचंही नाव आहे. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे परवा, चर्चपुढे उठावाची हाक पडणार. आसपासच्या सगळ्या क्नेझांचं ठरलंय.

"बारा पत्रं लिही," ते म्हणाले. "बारा गावांना. प्रत्येक घरातून एक माणूस."

मी म्हटलं, "लिहिणार नाही."

"घाबरलास?"

"माझ्या अक्षरावर आता कुणी येणार नाही, क्नेझ. येऊ पण नये. मी पायी जातो आणि तोंडाने सांगतो."

ते काहीतरी बोलणार होते. मी पुढे म्हटलं, "आणि तुमच्या जावयाला निरोप पाठवा. डुकरं विकून झाली असतील, तर त्यालाही परत यायला सांगा."

असं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाले, "पाठवतो."

१० एप्रिल

पहिलं दार दुसऱ्या गावातलं होतं, सतरा जणांतल्या एकाच्या बापाचं. त्याने खिडकीतून पाहिलं आणि दाराला आडणा घातलेला मला ऐकू आला. दुसऱ्या घरात कुत्रं सोडलं. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याने मला पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "या वेळी नाताळला की ईस्टरला परत यायचंय?" मी वळलो आणि रस्त्याला लागलो.

दुपारी घरी आलो. स्टामेनाने पाणी दिलं. कुणी येणार नाही, मी म्हटलं, मी एकटाच जाईन. बंदूक कशी भरतात ते ओब्रादने एकदा दाखवलंय.

ती शाल घेऊन बाहेर पडली आणि कोसानाला घेऊन आली. कोसानाच्या पायात तानास्कोचे बूट होते.

"मी तुला माफ केलेलं नाही," कोसाना मला म्हणाली. "ते आधी सांगून ठेवते."

"बरं."

"तू एकटा गेलास तर दार उघडणार नाहीत. चल."

मी तिच्या मागून निघालो. प्रत्येक दाराशी ती तेच सांगायची. "हा तो पत्र लिहिणारा मास्तर. माझा नवरा याच्या पत्रावर गेला. आता हा काय म्हणतो ते ऐका आणि मग ठरवा." मग ती बाजूला व्हायची आणि मला बोलावं लागायचं. वचन काहीच देत नव्हतो. उद्या चर्चपुढे लोक जमणार आहेत, मी तिथे असेन, पुढे काय होईल मला माहीत नाही, एवढंच सांगत होतो. पहिल्या दाराला दहा वाक्यं लागली. संध्याकाळी दोन पुरत होती.

चार गावं झाली. आडणा घालणाऱ्या म्हाताऱ्याने कोसानाला पाहून दार उघडलं. माझं बोलणं संपल्यावर तो आत गेला आणि बूट घालायला लागला. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नाही, घरातला दुसरा कुणी तरुण..."

"दुसरा नाही," तो म्हणाला. "तो तुझ्या सतरांत होता."

तो आमच्याबरोबर पुढच्या घराकडे निघाला. मी त्याच्या मागून चालायला गेलो तर कोसाना म्हणाली, "मागे नको, मास्तर. पुढे हो. आता त्यांना तुझी पाठ दिसू दे."

मी पुढे झालो. अजून आठ गावं आहेत.